सचिव-खजिनदारांचे नेहमीचे प्रश्न: संस्थेची दर वर्षीची कायदेशीर कामं (ठाणे आणि नवी मुंबई)

ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालू आहे. त्यानंतर इथे किती वाचनालयं, व्यायामशाळा, बालवाड्या, भजनी मंडळं आणि ज्येष्ठ नागरिक संघ निघाले त्याची गणती नाही. खाडीपलीकडे नवी मुंबई वसली, तशा तिथल्या सेक्टरांतूनही संस्था उभ्या राहिल्या. यातल्या बहुतेकांचा कारभार नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी सात ते नऊ टेबलाशी बसणाऱ्या दोन-तीन माणसांवर चालतो. हे पान त्यांच्यासाठी आहे. मी स्वतः बारा वर्षं एका वाचनालयाचा खजिनदार होतो. आता अशा संस्थांना कागदपत्रांत मदत करतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

एक सूचना. आयकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र मात्र १९६१ च्या कायद्याखालीच भरायचं आहे. खाली मी सगळ्यांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांकच वापरले आहेत.

आमची संस्था कायद्याच्या दृष्टीने नक्की कोण? ट्रस्ट, सोसायटी की कंपनी?

कपाटातलं नोंदणी प्रमाणपत्र काढा. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबत ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा, पुढे ‘ठाणे’ लिहिलेला न्यास क्रमांक असेल, तर तुम्ही सोसायटीही आहात आणि सार्वजनिक न्यासही. महाराष्ट्रात सोसायटीला ही दुहेरी नोंदणी असते आणि तीच बऱ्याच जणांना माहीत नसते. फक्त ‘ई’ क्रमांक आणि न्यासपत्र असेल तर तुम्ही ट्रस्ट. या दोघांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. नावापुढे ‘फाउंडेशन’ आहे आणि कंपनी निबंधकांचं प्रमाणपत्र आहे, तर तुम्ही २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी. तुमचा रस्ता वेगळा, तो खाली सांगितला आहे.

आयकर खातं मात्र तिघांनाही सारखंच.

आम्ही नवी मुंबईत आहोत. धर्मादायचं कार्यालय कोणतं, ठाणे की अलिबाग?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण यापायी लोकांच्या फेऱ्या वाया जातात. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची हद्द, ठाणे जिल्ह्यात येते. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आणि उलवे हे सगळे पत्त्यात खुशाल ‘नवी मुंबई’ लिहितात, पण ते रायगड जिल्ह्यात. त्यांचा न्यास रायगड विभागाकडे. संस्थेचं कार्यालय बेलापूरहून खारघरला नेलं, म्हणजे एकच स्टेशन पुढे, तरी जिल्हा बदलतो. तो पत्ता नुसता लेटरहेडवर बदलून चालत नाही.

उलटी गंमत वसई-विरारकडे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी नोंदलेल्या तिकडच्या संस्थांच्या क्रमांकापुढे आजही ‘ठाणे’ असतं.

वर्षभरात कोणत्या तारखा पाळायच्या?

वर्ष एप्रिल ते मार्च धरा. ३१ मार्चला रोख मोजून, पासबुक भरून वह्या बंद करा. मार्चमध्ये कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला कर) ३० एप्रिलपर्यंत भरायचा, इतर महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता) असलेल्या संस्थांनी ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, भरायचं. पैसे शिल्लक राहिले असतील आणि ते पुढे न्यायचे असतील तर ऑगस्टअखेर फॉर्म १० किंवा ९ए. ३० सप्टेंबर ही वर्षातली सगळ्यात जड तारीख. धर्मादायसाठीचं लेखापरीक्षण वह्या बंद झाल्यापासून सहा महिन्यांत पुरं व्हायला हवं आणि आयकराचा ऑडिट रिपोर्टही त्याच दिवसापर्यंत. ३१ ऑक्टोबरला आयटीआर-७, म्हणजे संस्थेचं आयकर विवरणपत्र. परदेशी देणगीची नोंदणी असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत तिचं वार्षिक विवरण, एफसी-४. फेब्रुवारीअखेर पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक.

आयकराच्या तारखा सरकार कधी कधी पुढे ढकलतं. त्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे गणपती सप्टेंबरच्या आगेमागे येतात आणि ऑडिटरच्या ऑफिसातली अर्धी मंडळी तेव्हा गावाला असतात. मी वाचनालयाच्या वह्या जूनमध्येच देऊन मोकळा व्हायचो.

धर्मादायकडे हिशेब म्हणून नेमकं काय द्यायचं?

ताळेबंद शेड्यूल ८ मध्ये, उत्पन्न-खर्च पत्रक शेड्यूल ९ मध्ये आणि वर्गणीपात्र उत्पन्नाचं पत्रक शेड्यूल ९-सी मध्ये. या ‘वर्गणी’चा सभासद वर्गणीशी संबंध नाही. न्यासाने सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत भरायची ती वर्गणी. तिच्या वसुलीला मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्थगिती दिली, पण पत्रक जोडायचंच असतं. सोबत ऑडिटरचा नियम १९ खालचा अहवाल. सगळं धर्मादायच्या पोर्टलवर चढवायचं आणि पोच छापून फाइलला लावायची.

नियम १९ चा अहवाल कमिटीतलं कुणी वाचत नाही. सही करतात आणि ठेवून देतात. एकदा वाचून पाहा. त्यात ऑडिटरने सांगायचं असतं की विश्वस्तांची किमान-कमाल संख्या पाळली आहे का, सभा नियमावलीप्रमाणे झाल्या का, इतिवृत्ताची वही आहे का, एखादा विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का. तिथे ‘नाही’ लिहून आलं की उद्या कुणी तक्रार केल्यावर पहिला कागद तोच निघतो, आणि त्यावर तुमचीच सही असते.

अंदाजपत्रक खरंच द्यावं लागतं?

हो, कलम ३१-अ. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या न्यासाने वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी द्यायचं. मर्यादा इतकी जुनी आणि लहान आहे की चालती संस्था तिच्या वरच असते. एका पानाचं काम.

चेंज रिपोर्ट म्हणजे काय? आम्ही हिशेब वेळेवर देतो, तेवढं पुरत नाही का?

नाही पुरत. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

धर्मादायच्या कार्यालयात प्रत्येक न्यासाच्या नावाने एक नोंदवही असते. तिचा उतारा म्हणजे आपण ज्याला ‘पीटीआर’ म्हणतो तो, शेड्यूल १. विश्वस्त कोण, पत्ता कोणता, मिळकत किती, हे सगळं त्यात. निवडणूक झाली, कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, जागा घेतली, पत्ता बदलला, की बदल झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२ खाली शेड्यूल ३ मध्ये अर्ज करायचा. तो मंजूर होऊन नाव पीटीआरवर चढेपर्यंत बाहेरच्या जगाला तुमची नवी कमिटी दिसत नाही.

हिशेबाला ऑडिटर मागे लागतो, विवरणपत्राला आयकर खात्याचे मेसेज येतात. चेंज रिपोर्टची आठवण करून देणारं मात्र कुणी नसतं. म्हणून तोच राहतो. पंधरा-पंधरा वर्षं न चुकता ऑडिट केलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत, ज्यांच्या पीटीआरवरचे निम्मे विश्वस्त हयात नाहीत.

आमच्याच वाचनालयाची गोष्ट. खात्यावरच्या सह्या बदलायला बँकेत गेलो. ठराव दिला, इतिवृत्त दिलं. काउंटरवरच्या बाईंनी पीटीआर मागितला, बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, “या यादीत तुमचं नाव कुठे आहे?” नव्हतंच. दोन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट दाखलच झाले नव्हते आणि तेव्हा खजिनदार मीच होतो. इमारतीच्या गळक्या छतासाठी ठेव मोडायची होती. ती त्या पावसाळ्यात मोडता आली नाही. पुस्तकांवर प्लास्टिक टाकून जून-जुलै काढला.

अर्जासोबत सभेची सूचना, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपट, इतिवृत्त, नव्या माणसांची संमतिपत्रं आणि ओळखपत्रं, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यू दाखले, प्रतिज्ञापत्र आणि ताजा पीटीआर लागतो. यातली सूचना पोचल्याचा पुरावा हीच बहुतेकांची दुखरी जागा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली सूचना तुमच्या नियमावलीत बसते का ते आधी बघा. बसत नसेल तर सह्यांची वही फिरवा किंवा पोस्टाने पाठवून पावत्या जपा.

मागच्या तीन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट राहिलेत. आता फक्त आजच्या कमिटीचा टाकला तर?

अडकेल. आजची कमिटी ज्या सभेत निवडली ती सभा आधीच्या कमिटीने बोलावली होती. आधीच्या कमिटीचीच नोंद नसेल, तर ती सभा बोलावणारे कोण, असा प्रश्न येतो. म्हणून साखळी जिथे तुटली तिथपासून एकेक कडी जोडत यायचं. सगळ्यात जुना बदल पहिला, मग पुढचा.

९० दिवस उलटून गेले म्हणून दार बंद होत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करता येतो. त्यासाठी खर्च म्हणून रक्कम भरायला लावतात आणि ती अर्ज करणाऱ्या विश्वस्तावर बसते. कारण खरं ते लिहा. ‘नजरचुकीने राहून गेले’ हे वाक्य त्या कार्यालयाने पुरेसं वाचलं आहे. सचिव आजारी होते, कागद जुन्या पदाधिकाऱ्याकडे अडकले होते, असं जे असेल ते तारखांसह सांगा.

जुनी इतिवृत्तं सापडली नाहीत तर? आज बसून मागच्या तारखांची इतिवृत्तं लिहू नका. हा सल्ला विचित्र वाटेल, पण तो द्यावा लागतो. कागद नाही तर नाही असं प्रतिज्ञापत्रावर सांगा, त्या काळातले हयात सभासद असतील तर त्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. हे काम वकिलाकडे द्यावं असं माझं मत आहे. एरवी साधा, वादाचा नसलेला चेंज रिपोर्ट सचिवाला स्वतः करता येतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा नाममात्र घेतली तर चालते का?

वर्षानुवर्षं ‘चालते’, कुणीतरी हरकत घेईपर्यंत. सूचना किती दिवस आधी, कोरम किती, थकबाकीदाराला मत आहे की नाही, हे सगळं तुमच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्याची सोय बहुतेक नियमावल्यांत आहे, पण तहकूब झाल्याची नोंद इतिवृत्तात वेळेसह हवी. सोसायटी असाल तर सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी संस्था निबंधकांकडे द्यायची, कलम ४ प्रमाणे. ही चेंज रिपोर्टपेक्षा वेगळी गोष्ट आहे. एक दिलं म्हणजे दुसरं झालं असं होत नाही.

सभासदांची नोंदवही मात्र आजच उघडून पाहा. निवडणुकीतले बहुतेक वाद मतांवरून नसतात. मतदार कोण, यावरून असतात.

आम्हाला कर माफ आहे. मग विवरणपत्र कशाला?

माफी आपोआप मिळत नाही. आयकर कायद्याच्या कलम १२एबी खाली करमाफीची नोंदणी, वेळेत ऑडिट, वेळेत विवरणपत्र आणि नियमाप्रमाणे खर्च, या सगळ्यांवर मिळून ती टिकते. माफी धरण्याआधीचं उत्पन्न करपात्र नसलेल्या मर्यादेच्या वर गेलं की ऑडिट लागतं. ५ कोटींच्या वर उत्पन्न असेल, परदेशी देणगी आली असेल किंवा भारताबाहेर खर्च केला असेल तर ऑडिट रिपोर्ट फॉर्म १०बी मध्ये, नाहीतर १०बीबी मध्ये. आपल्यापैकी जवळजवळ सगळे १०बीबीवाले. चुकीचा फॉर्म भरला गेला तर तो न भरल्यासारखाच ठरवला जाऊ शकतो, म्हणून अपलोडनंतर विश्वस्ताच्या लॉगिनमधून तो मंजूर करताना क्रमांक स्वतः बघा.

८५ टक्क्यांचा नियम सोप्या शब्दांत सांगा.

वर्षभराच्या उत्पन्नातलं किमान ८५ टक्के संस्थेच्या उद्देशांवर त्याच वर्षी खर्च व्हायला हवं. उरलेले १५ टक्के बिनशर्त बाजूला ठेवता येतात. समजा वाचनालयाला १२ लाख आले. ८५ टक्के म्हणजे १० लाख २० हजार. खर्च झाला ९ लाख. तफावत १ लाख २० हजारांची. ही रक्कम एका ठरावीक कामासाठी साठवायची असेल तर कमिटीचा ठराव करून फॉर्म १० भरायचा. मग ती जास्तीत जास्त पाच वर्षांत त्याच कामावर खर्च करायची. काम नेमकं लिहा. ‘संस्थेच्या उद्देशपूर्तीसाठी’ असं गोल लिहिलेलं अधिकारी मानत नाहीत. ‘अभ्यासिकेच्या छताची दुरुस्ती’ लिहा. उत्पन्न हिशेबात धरलं पण हातातच आलं नाही, किंवा वर्षाच्या शेवटी आलं, तर फॉर्म ९ए.

आणखी तीन खाचा आहेत. खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच धरला जातो, बिल आलं म्हणून नाही. एका माणसाला एका दिवशी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती खर्चात धरत नाहीत. मांडववाल्याला रोखीने चुकते करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि आपल्या उत्पन्नातून दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देणगी दिली तर तिच्यातलं ८५ टक्केच तुमचा खर्च मानलं जातं.

१२एबी आणि ८०जीचं नूतनीकरण कधी?

प्रमाणपत्रावर कोणत्या कर निर्धारण वर्षापासून (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) कोणत्या वर्षापर्यंत ते लिहिलेलं असतं. पूर्वी १२ए एकदा मिळालं की जन्माचं मिळे. १ एप्रिल २०२१ पासून ते संपलं. नियमित नोंदणी पाच वर्षांची, नव्या संस्थेला तात्पुरती तीन वर्षांची. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी अर्ज करायचा. तात्पुरती नोंदणी असलेल्यांनी काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा मुदतीच्या सहा महिने आधी, जे आधी येईल तेव्हा.

१ एप्रिल २०२५ नंतर अर्ज करणाऱ्या, आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींपेक्षा जास्त उत्पन्न नसलेल्या संस्थेला १२एबी दहा वर्षांसाठी मिळते. ८०जी मात्र पाचच वर्षांची. त्यामुळे आता दोन प्रमाणपत्रांच्या संपण्याच्या तारखा वेगळ्या पडणार. दोन्ही तारखा कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवा. अक्षरशः भिंतीवर.

चुकलं तर नुसती सवलत जात नाही. संस्थेच्या साठलेल्या मालमत्तेवर, देणी वजा करून, चढ्या दराने कर लावण्याची तरतूद आहे, कलम ११५टीडी. नौपाड्यात पन्नास वर्षांपूर्वी स्वस्तात मिळालेल्या जागेची आजची बाजारभावाची किंमत डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या कलमाचं वजन कळेल. संस्थेचे उद्देश बदलले तरी ३० दिवसांत आयकराकडे नवा अर्ज लागतो.

देणगीदाराला आमची छापील पावती पुरते ना?

आभारासाठी पुरते, ८०जीच्या सवलतीसाठी नाही. तुम्ही १०बीडी भरल्यावर पोर्टलवरून निघणारं १०बीई प्रमाणपत्रच चालतं. त्यासाठी पावती फाडतानाच देणगीदाराचा पॅन घ्या. एप्रिलमध्ये फोन करून मागत बसलात तर लोक फसवणुकीचा फोन समजून ठेवून देतात. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ८०जी नाही. १०बीडीला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आणि वर १०,००० ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

नवी करप्रणाली घेतलेल्या देणगीदाराला ८०जीचा फायदा मिळतच नाही. त्याला आधीच सांगितलेलं बरं.

दानपेटीतल्या पैशाचं काय?

निव्वळ धार्मिक न्यासाला निनावी दानावर वेगळा कर नाही. धर्मादाय संस्थेला मात्र एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातल्या मोठ्या आकड्यापलीकडच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर आहे. पेटी दोन विश्वस्तांसमोर उघडा, मोजणीचा पंचनामा लिहा, पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत.

आमची जागा भाड्याने द्यायची आहे किंवा पुनर्विकासाला जायची आहे. कमिटीचा ठराव पुरेल?

पुरणार नाही. स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला, बक्षीस द्यायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असली तरीही. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची. नवी मुंबईत भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर सिडकोच्या अटी याच्या जोडीला. तो भूखंड ज्या सामाजिक कामासाठी दिला त्याच कामाला वापरायचा असतो, आणि धर्मादायची परवानगी म्हणजे सिडकोची परवानगी नव्हे.

कर्जाचंही तसंच. न्यासाच्या नावाने कर्ज काढायला आधी परवानगी हवी, कलम ३६-अ. अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून ‘तात्पुरते’ घातलेले दोन लाखही ताळेबंदात कर्ज म्हणूनच दिसतात.

आम्ही कलम ८ ची कंपनी आहोत. आमच्यासाठी काय?

धर्मादाय कार्यालयाचा फेरा साधारणपणे तुमच्या वाट्याला नाही, पण कंपनी निबंधक आहेत. संचालक मंडळाची दर सहा महिन्यांत किमान एक बैठक. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत, तिची सूचना पूर्ण १४ दिवसांची. सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४ (हिशेब), ६० दिवसांत एमजीटी-७ (वार्षिक विवरण), ऑडिटर नेमला असेल तर १५ दिवसांत एडीटी-१ (त्या नेमणुकीची सूचना), शिवाय संचालकांची केवायसी. एओसी-४ आणि एमजीटी-७ ला उशीर झाला तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये. हा आकडा छोटा वाटतो; दोन फॉर्म दोन वर्षं राहिले की दीड लाखाच्या जवळ जातो. वर्षाला ४०,००० रुपयांची उलाढाल असलेल्या कंपनीला हा भार आलेला मी पाहिला आहे. तीन मित्रांनी मिळून झाडं लावायची असतील तर कंपनी काढण्याआधी दोनदा विचार करा.

परदेशातल्या नातेवाइकाने देणगी पाठवली तर घेऊ का?

पाठवणारा कोणत्या देशाचा नागरिक, ते आधी विचारा. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, तो आपल्याच आळीत वाढलेला असला तरी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर अशी देणगी घेऊ नका. नोंदणी असेल तर पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि वर्षभरात एक रुपयाही आला नाही तरी एफसी-४ कोरी भरायची.

बालवाडीत बाई आणि सेविका मिळून बाराजणी आहेत. काही वेगळं लागतं?

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, २०१३ खाली अंतर्गत समिती आणि तिचा वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे. सेवाभावी संस्थेलाही हे लागू आहे. “आमच्याकडे सगळ्या बायकाच आहेत” हे उत्तर चालत नाही. व्यवसाय कराची नोंदणी हवी; महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही, म्हणून पुष्कळ बालवाड्यांतून कपात शून्य निघते. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरमध्ये. भविष्यनिर्वाह निधी वीस जणांपासून. जागेचं भाडं, ऑडिटरची फी, ठेकेदार यांवरचा टीडीएस मर्यादा ओलांडली की कापायचाच, संस्था लहान असली तरी.

आमचं फक्त गणेशोत्सव मंडळ आहे. एवढं सगळं?

नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१-क ची परवानगी घ्यायची आणि उत्सवानंतर हिशेब द्यायचा. मागच्या वर्षीचा हिशेब दिला नसेल तर यंदाची परवानगी अडते. मंडळ बारा महिने रुग्णवाहिका, अभ्यासिका चालवत असेल तर रीतसर नोंदणी करून घ्या, मग हे सगळं पान तुमचं.

सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचे पैसे मिळवायला अजून काय लागतं?

कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ ची नोंदणी. शिवाय नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलचा क्रमांक बहुतेक कंपन्या मागतात. सरकारी अनुदानालाही तो लागतो आणि हल्ली बँकाही विचारतात.

कागद किती वर्षं ठेवायचे?

आयकर नियमांप्रमाणे वह्या, पावत्या, ठराव संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षं. इतिवृत्तं, सभासद नोंदवही, चेंज रिपोर्टचे आदेश आणि जागेचे कागद कधीच रद्दीत देऊ नका.

सगळं आमचे सीए बघतात. आम्हाला माहीत असायला हवं का?

सीए हिशेब बघतात. सभेची सूचना कुणाला मिळाली, कुणी राजीनामा दिला, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? वर्षातून एकदा, शक्यतो मेमध्ये, त्यांच्यासमोर बसा आणि पीटीआरवरची नावं मोठ्याने वाचा. जे नाव वाचताना कुणीतरी “ते तर गेले” म्हणेल, तिथे चेंज रिपोर्ट बाकी आहे.

पोर्टलचा ओटीपी जुन्या सचिवांच्या मोबाइलवर जातो आणि ते आता मुलाकडे पुण्याला राहतात. काय करू?

आधी त्यांना फोन करा, चांगल्या वेळी. भांडण नसेल तर तेच ओटीपी सांगतात आणि त्याच लॉगिनमधून तुमचा नंबर चढवता येतो. आयकर, धर्मादाय, दर्पण, टीडीएस अशी प्रत्येक पोर्टलची यादी करा, एका दुपारी सगळीकडचा मोबाइल आणि ईमेल बदलून घ्या. ईमेल कुणाचा खासगी देऊ नका. संस्थेच्या नावाने एक पत्ता काढा आणि त्याचा पासवर्ड पाकिटात सील करून अध्यक्षांकडे ठेवा. आणि पुण्याच्या काकांचा राजीनामा घेतला होता का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.